सरप्राइज घाट उतरेपर्यंतच ठेवा

प्रश्न : मुलगी येत्या जानेवारीत सात वर्षांची होईल, धाकटा साडेतीनचा आहे. वाढदिवस शनिवारी येतोय. त्या दिवशी दोघांना काही न सांगता खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला न्यायचं असं आम्ही ठरवलंय. कोथरूडहून आपल्याच गाडीने निघू, सासूबाईही बरोबर असतील (वय ६७, गुडघ्याचा त्रास). थेट गेटवर पोचल्यावरच सांगायचं आणि मुलांच्या चेहऱ्यांचा व्हिडिओ काढायचा असं माझ्या मनात आहे. नवरा म्हणतो, एवढं जातोय तर वॉटर पार्कही त्याच दिवशी उरकू. नणंद म्हणते, एवढ्याशा पोरांना नेऊन पैसे पाण्यात. कोणाचं ऐकू?

उत्तर : नणंदेचं निम्मं ऐका, नवऱ्याचं या वेळी ऐकू नका, आणि तुमच्या बेतातलं गेट तेवढं बदला.

सरप्राइजचा मोठा फायदा मुलांच्या चेहऱ्यावर दिसतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो आधीच्या रात्री मिळतो. धाकट्याला ताप आला, मोठीला खोकला झाला, गाडी बिघडली, तर बेत रद्द करता येतो आणि मुलांना पत्ताही लागत नाही. पंधरा दिवस आधी सांगून बसलात की तापातल्या पोराला औषध पाजून न्यायची वेळ येते. तेव्हा बेत मोडायची शक्यता आहे तोवर गुपित ठेवा आणि ती संपली की सांगून टाका. तुमच्या रस्त्यावर ती जागा म्हणजे बोरघाट. घाट उतरून गाडी खोपोलीकडे वळली, कोणी ओकलं नाही, कोणाला कणकण नाही, की सांगायचं. तिथून पार्क फार लांब नाही, त्यामुळे ‘आलं का, आलं का’ फार वेळ ऐकावं लागत नाही.

गेटवर का नको? गेटशी एकाच वेळी तीन-चार गोष्टी अंगावर येतात. कर्णे, गर्दी, बॅगांची तपासणी, कधी मुखवटा घातलेलं एखादं पात्र. सात वर्षांच्या मुलीला त्यात मजा वाटेल. साडेतीन वर्षांचं मूल मात्र अनोळखी ठिकाणी आधी आईच्या कुशीत शिरतं, आणि तुम्ही मोबाइल रोखून ‘बघ, बघ, काय आहे!’ म्हणत असता. व्हिडिओत रडणं येतं. मोठीचंही सांगता येत नाही. या वयाची मुलं आनंदाची बातमी ऐकून आधी गप्प होतात, मग विचारतात, ‘मग आपण तिकडे नाही का जाणार?’ गाडीत सांगितलंत तर हा गोंधळ बंद दारांआड होतो आणि पार्किंगपर्यंत निवळतो. व्हिडिओ गाडीत घ्या, पुढच्या सीटवरून, ‘हास ना’ असं न म्हणता.

आता ‘तिकडे’ म्हणजे कुठे, तेही ठरवावं लागेल. मुलांना काहीतरी सांगून निघावं लागणारच. मामाकडे जातोय असं मुळीच सांगू नका. मामाचं घर कोणत्याही पार्कवर मात करतं आणि मग इमॅजिकाच्या दारात मामासाठी भोकाड पसरलं जातं. गणपतीला जातोय म्हणा, आणि खरंच जा; मग घाट उतरल्यावरची ती बातमी दर्शन आटोपून गाडीत बसल्यावर सांगा. पार्क खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला आहे आणि खोपोलीजवळ महडला वरदविनायक आहे. वाट थोडी वाकडी पडते, पण सासूबाईंना दर्शन होतं, मुलांना खोटं सांगितल्यासारखं होत नाही आणि दोन तास बसलेले पाय मोकळे होतात. गाडीच्या नकाशात ‘महड’ टाका. ‘महाड’ टाकलंत तर तो तुम्हाला रायगड जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला घेऊन जाईल. पालीचा बल्लाळेश्वर याच रस्त्यावर पुढे आहे, पण त्या दिवशी तिथपर्यंत जाऊ नका. येण्याजाण्यात अर्धा दिवस निघून जाईल.

दिवस बदलता येत असेल तर शनिवार सोडाच. शनिवारी सकाळी एक्सप्रेस वेवर मुंबईहून घाट चढणाऱ्यांची रांग लागते. तुम्ही उलट्या बाजूने येता म्हणून ती फारशी नडत नाही, पण मुंबईहून सुट्टीला निघालेली माणसं पार्कातही तुमच्यापुढे राइडच्या रांगेत उभी असतात. आणि वाढदिवसाच्या दिवशी ‘काहीतरी’ होणार हे सात वर्षांच्या मुलीला आठवडाभर आधीच माहीत असतं. मधल्या वारी शाळेला दांडी मारून निघालात, तर सरप्राइजही खरं ठरतं आणि रांगाही लहान मिळतात. केक शनिवारी घरीच कापा. मधल्या वारांत मंगळवार नको, महडला गर्दी असते. बुधवार बरा, पण आधी कालनिर्णय उघडून संकष्टी, विनायकी आणि माघी गणेशजयंती बघून घ्या. २६ जानेवारीला जोडून येणाऱ्या सुट्ट्या टाळा. डिसेंबर-जानेवारी हा शाळांच्या सहलींचाही हंगाम आहे, त्यामुळे बुधवारीही चार बसगाड्या दिसू शकतात. सहलीची मुलं धावतात ती मोठ्या राइडकडे. तुमचं काम बहुतेक छोट्यांकडे आहे, म्हणून ती गर्दी सोसवते. थीम पार्क त्या वारी चालू आहे का आणि किती वाजता उघडतं, हे तिकीट काढताना बघा, कारण वेळा हंगामाप्रमाणे बदलतात. तारीख पुढे ढकलण्याचा नियमही तेव्हाच वाचा. पैसे परत मिळणं आणि तारीख बदलून मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताप आलाच तर दुसरीच उपयोगी पडते.

आता नणंदेचं निम्मं. तुमच्या पत्रात मुलांचं वय आहे, उंची नाही, आणि अशा ठिकाणी वयाला कोणी विचारत नाही. मुलांच्या तिकिटाचा दर उंचीवर ठरतो आणि राइडवर बसू द्यायचं की नाही हेही उंचीवरच. थीम पार्कमधलं सगळ्यात मोठं रडणं भुताच्या गुहेत होत नाही, उंचीच्या पट्टीशी होतं. वीस मिनिटं रांगेत उभं राहून नंबर आला, पट्टीखाली उभं केलं, दोन बोटं कमी. तिथला माणूस ऐकत नाही आणि त्याने ऐकूही नये. सुरक्षेचा तो दांडा किंवा पट्टा ठराविक उंचीच्या अंगाला धरावा असाच बनवलेला असतो. आखूड अंगाचं मूल त्यातून निसटू शकतं.

म्हणून आठवडाभर आधी, काहीतरी निमित्त काढून, दोघांना अनवाणी दाराच्या चौकटीला टेकवा. टाचा, पाठ आणि डोकं भिंतीला, नजर सरळ, डोक्यावर वही आडवी, आणि पेन्सिलची खूण. टेपने सेंटिमीटरमध्ये मोजा. मग पार्कच्या वेबसाइटवर एकेका राइडची उंचीची अट बघा. बूट घालून दोन सेंटिमीटर वाढतील या भरवशावर राहू नका. काठावरची राइड ‘आपली नाही’ असंच धरा. मिळाली तर बोनस. छोट्यांच्या काही राइडवर उलटी अटही असते, ठराविक उंचीच्या वरच्यांना बसू देत नाहीत. धाकट्याबरोबर कोणत्या राइडवर मोठं माणूस बसू शकतं तेही त्याच वेळी बघून ठेवा. एकट्याने बस म्हटलं की तो उतरणार हे नक्की.

ही यादी कागदावर लिहा आणि तोच कागद सरप्राइजचं पाकीट म्हणून वापरा. मोठी वाचायला लागली असेलच. आत तीन भाग असू देत : दोघांच्या राइड, फक्त ताईच्या राइड, आणि ‘मोठं झाल्यावर’च्या राइड. तिसरा भाग गाळू नका. नायट्रो हा पाय अधांतरी ठेवणारा, उलटापालटा करणारा रोलरकोस्टर आहे. त्याचा सांगाडा आणि त्यावरच्या लोकांच्या किंकाळ्या लपत नाहीत. तो दिसल्यावर ‘नाही’ म्हणालात तर भांडण होतं. गाडीत, दिसण्याआधी, ‘ही तू आणि बाबा अजून पाच-सहा वर्षांनी’ असं सांगितलंत तर तो बेत ठरतो. डीप स्पेस आणि स्क्रीम मशीन या थरारक राइडही याच भागात.

मग साडेतीन आणि सातसाठी उरतं काय? उरतं ते पुष्कळ आहे. सुरुवात मॅजिक कॅरोझेलने करा. सगळ्यांना दिसणारं, हळू फिरणारं, उघड्यावरचं. पहिली राइड अंधारातली असली तर धाकटा उरलेला दिवस प्रत्येक दाराशी ‘आत काळोख आहे का’ विचारत बसेल, आणि हे पुढच्या सहलीपर्यंत टिकतं. त्यानंतर टबी टेक्स ऑफ (हत्तीची), हॅपी व्हील्स अशा छोट्यांच्या राइड. धाकट्याला एखादी आवडली तर तीच तीन वेळा करू द्या. मोठ्यांना वाटतं पैसे वसूल व्हायला नव्या राइड मोजल्या पाहिजेत. या वयाला ओळखीची गोष्ट पुन्हा करण्यातच मजा असते. दिवसभरात धाकट्याच्या सहा-सात फेऱ्या झाल्या तर दिवस भरून पावला समजा. नणंदेचं म्हणणं इथे खोटं ठरतं, मात्र ‘किती राइड झाल्या’ हा हिशोब तुम्ही सोडलात तरच.

मोठीसाठी अलीबाबा और चालीस चोर चांगली. गाडीत बसून बंदुकीने नेम धरायचा असतो, आणि हातात काम असलं की अंधाराची भीती कमी होते. मिस्टर इंडियाची राइड पडद्यासमोर खुर्च्या हलवणारी आहे. घाटात जिला मळमळतं तिला तिथेही मळमळेल, कारण दोन्हीकडे डोळे एक सांगतात आणि कान-पोट दुसरंच. आय फॉर इंडिया ही भारतावरून उडत गेल्यासारखं दाखवणारी. उंचीची भीती नसेल तर सासूबाईंनाही आवडू शकेल. गुडघ्याचं आधी तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा, चढ-उतार किती आहे ते तो दाखवेल. राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचरमध्ये अंधार, डरकाळ्या, शेवटी घसरण आणि पाणी असं सगळं एकदम येतं. मोठी डायनासोरवेडी असेल तर तिला आधीच सांगून ठेवा की हा प्राणी मनाने रचलेला नाही. नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातमध्ये त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळालं. खऱ्या प्राण्याबद्दल माहिती असलेलं मूल कमी घाबरतं आणि दुसऱ्याला समजावत बसतं. ही राइड दुपारी दोन ते साडेतीनच्या उन्हात करा. जानेवारीत पाचनंतर ओल्या कपड्यांत हुडहुडी भरते. सालीमगढची भुताटकी आणि रॉथ ऑफ द गॉड्सचे आगीचे-पाण्याचे दणके या वर्षी दोघांनाही नकोत. दिवसा हसत बाहेर येतील आणि रात्री दोन वाजता तुमच्या पांघरुणात शिरतील.

एखादी राइड दुरुस्तीसाठी बंद असू शकते, म्हणून पाकिटात ‘नक्की’ असं कुठेही लिहू नका. रांग टाळायचं एक्सप्रेस तिकीट बुधवारी घेऊ नका. त्याचा उपयोग मोठ्या राइडच्या रांगांत होतो आणि त्या राइड तुमच्या यादीत नाहीतच.

नवऱ्याला हे वाचून दाखवा : वॉटर पार्कचं तिकीट वेगळं, पोहण्याच्या कपड्यांचे नियम वेगळे, लॉकर वेगळा. दोन मुलांचे कपडे उतरवणं, ओले करणं, पुसणं, परत घालणं यात सहज दीड तास जातो. जानेवारीतलं पाणी गार असतं आणि लहान अंग लवकर गारठतं. ओठ निळसर दिसायला लागेपर्यंत मूल बाहेर यायला कबूल होत नाही. वॉटर पार्क एप्रिलमध्ये वेगळ्या दिवशी करा. स्नो पार्कलाही तेच लागू.

त्या दिवशीचं वेळापत्रक असं बसतं. साडेसातला निघा. घरून पोटभर खाऊन निघू नका. घाटात वळणावर दूध-पोहे बाहेर येतात. निघताना अर्धी पोळी किंवा दोन बिस्किटं, आणि खरी न्याहारी घाट उतरल्यावर. घाटात मुलांच्या हातात मोबाइल किंवा पुस्तक नको, खिडकी दोन बोटं उघडी, आणि प्लास्टिकच्या दोन पिशव्या सीटच्या खिशात, डिकीत नव्हे. उलटीचं औषध द्यायचं असेल तर आपल्या बालरोगतज्ज्ञांना आधी विचारून. बऱ्याच औषधांनी गुंगी येते, आणि मग पोर कॅरोझेलवर पेंगतं. महडचं दर्शन, न्याहारी, आणि मग गाडीत पाकीट. साडेअकरापर्यंत आत शिरलात तरी उशीर नाही.

बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. धाकट्यासाठी काही खास लागत असेल किंवा सासूबाईंची औषधं खाण्याबरोबरची असतील तर आधी फोन करून विचारा. गाडीत मात्र परतीसाठी डबा ठेवा : दशम्या, कोरडी चटणी, चिक्की, केळी. दहीभात नको. उन्हात उभ्या गाडीत तो चारपर्यंत आंबतो. आत जेवायला साडेबाराला बसा. दीडला बसलात तर ताटासाठी वीस मिनिटं आणि टेबलासाठी दहा. जेवल्यावर पाऊण तास फिरणारी राइड नको.

दुपारची झोप हा या दिवसातला खरा पेच आहे. साडेतीन वर्षांचं मूल घरी झोपत नसलं तरी उन्हात चालून दोनच्या सुमाराला गळतं. घडीची ढकलगाडी घरून न्या. ‘आता तो मोठा झालाय’ म्हणून ती घरी ठेवलीत तर बारा-चौदा किलोचं पोर बाबाच्या खांद्यावर जाईल. सावलीत ढकलगाडी मागे कलती करा, वर पातळ ओढणी टाका, आणि सासूबाईंना शेजारी बसवा. त्यांच्या गुडघ्यांनाही तीच विश्रांती. त्या तासाभरात मोठीला घेऊन तुम्ही दोघं राजासॉरस आणि अलीबाबा करा. धाकटा आल्यापासून तिला दोन्ही आईबाप एकदम क्वचितच मिळाले असतील, तेव्हा हा तास तिचाच. सासूबाईंच्या फोनचं चार्जिंग आणि आवाज सकाळीच बघून ठेवा.

याचाच अर्थ असा की सासूबाईंपासून हे गुपित ठेवायचं नाही. त्यांना बूट, गुडघ्याचा पट्टा आणि औषधं तयार ठेवायची आहेत. फक्त त्या फोनवर मोठ्याने बोलत असतील तर नातवंडं झोपल्यावर सांगा. बहुतेक गुपितं तिकिटाच्या मेसेजने आणि घरच्या टीव्हीवरच्या यूट्यूबने फुटतात. राइडचे व्हिडिओ घरच्या टीव्हीवर पाहू नका. नंतर तो टीव्ही मुलांना आपणहून तेच दाखवत राहतो.

कपड्यांचं लक्षात ठेवा. देवळात जायचं म्हटल्यावर मोठी परकर-पोलकं आणि मोजडी काढेल. ते चालणार नाही. घेर अडकतो, मोजडी उडते. ‘देवळानंतर बागेत खेळायचंय’ एवढं म्हणा आणि पट्टीचे सँडल किंवा बूट घालायला लावा. बांगड्या, लांब माळ, मोकळे केस नकोत. तुम्ही ओढणीऐवजी कुर्ता-पँट घाला. ओढणी पिशवीतली, ढकलगाडीवर टाकायची, वेगळी. लोणावळ्याला सकाळी थंडी आणि खोपोलीत दुपारी ऊन असेल, म्हणून एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन पातळ थर बरे. प्रत्येक मुलाचा एक पूर्ण जोड आतल्या पिशवीत आणि एक गाडीत.

हरवण्याचं सांगते, कारण छोटी मुलं कॅरोझेलच्या बाहेर पडायच्या दाराने निघतात आणि आईबाप आत जायच्या दाराशी उभे असतात. सकाळी गाडीतून उतरल्यावर दोघांचा पायापासून डोक्यापर्यंत एक फोटो काढा. घाबरल्यावर शर्टाचा रंग आठवत नाही. धाकट्याच्या मनगटावर बॉलपेनाने तुमचा नंबर लिहा आणि घामाने पुसू नये म्हणून वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. मोठीला एवढंच शिकवा : शोधायला जायचं नाही, आहेस तिथेच थांबायचं, आणि तिथला गणवेशातला माणूस किंवा बाई दिसली तर त्यांना सांगायचं.

चार वाजता दोघांकडे बघून ठरवा. धाकटा झोपलेला असेल आणि मोठी चालती-बोलती असेल तर संध्याकाळच्या परेडपर्यंत थांबा. तिची वेळ आणि वाट दारात शिरतानाच विचारून ठेवा आणि वीस मिनिटं आधी सावलीच्या बाजूला बसा. तो झोपला नसेल तर पाचला निघा, परेड सोडून द्या. न झोपलेल्या पोराला सहाच्या ढोलताशांत उभं केलंत तर सकाळपासूनची सगळी मजा त्या अर्ध्या तासात धुऊन जाते, आणि तुम्हा दोघांचं भांडण होतं ते वेगळं. ‘शेवटची एक’ असं म्हणू नका. कोणती आणि किती वेळ, हे नाव घेऊन सांगा : ‘हत्तीची एक फेरी, मग बूट बदलायचे, मग गाडी.’

खेळण्यांचं दुकान बाहेर पडायच्या वाटेवर लागतं. पैशाची मर्यादा सकाळीच पाकिटात लिहून टाका, आणि जे घ्यायचं ते निघताना घ्या. सकाळी घेतलेला फुगा दिवसभर आईच्या हातात असतो.

गाडीत बसण्याआधी कपडे बदला, अगदी अंतर्वस्त्रांपासून. ओलसर चड्डीत दोन तास बसलं की मांड्या घासून लाल होतात. दशम्या घाट चढण्याआधी खायला द्या, घाटात नाही. दोघं खंडाळ्याच्या आत झोपतील. धाकट्याला त्या रात्री ‘काय आवडलं’ विचारू नका, तो बहुतेक केळं म्हणेल. दोन दिवसांनी दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलच्या खुणांशेजारी तारीख घाला. नायट्रोच्या अटीची खूण कुठे आहे, तेही मोठीला तिथेच दाखवा. ती विचारणारच आहे.